ओतीव लोखंडातली तारीख

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे "मावशी, ब्लॉग बंद केला की काय?" असं एक-दोघांनी विचारलंही. बंद नाही हो, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. असो.

आजचा विषय वाचून तुम्ही हसाल. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेलेली बाई मोटारीच्या इंजिनावर काय लिहिणार! पण २०२३च्या मे ते ऑक्टोबर मी धाकट्याकडे अमेरिकेत होते, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ. त्यातले अडीच महिने मी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये, घडीच्या खुर्चीवर बसून काढले. हातात वही आणि विजेरी. तिथे मी इतिहासाचा जो धडा शिकले, तो छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवला नव्हता.

त्याचं असं झालं. नातू अठरा वर्षांचा. चार जणांसारखं कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला जायचं, एवढं ठरलेलं होतं. पण याचं चित्त शेजारच्या आजोबांच्या जुन्या गाडीत. त्याला दोन वर्षांचा यंत्रकामाचा कोर्स करायचा होता आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये हाताखाली राहायचं होतं. मुलगा मला म्हणाला, "आई, तू शिक्षिका आहेस. तुझं तो ऐकतो. तू समजव त्याला." मी "बरं" म्हटलं आणि समजवायला म्हणून गॅरेजमध्ये गेले.

शेजारचे आजोबा माझ्याच वयाचे. तरुणपणी पाँटियाक गावातल्या मोटार कारखान्यात कामाला होते. त्यांची गाडी १९६४ सालची पाँटियाक जीटीओ. १९७१ साली त्यांनी ती जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली, आणि गेली वीस वर्षं ती ताडपत्रीखाली झाकून पडलेली. आता त्यांचे हात थरथरतात. बोल्ट धरता येतो, पण जागेवर लावता येत नाही. म्हणून डोकं त्यांचं आणि हात नातवाचे, असा करार झाला होता. माझा खुर्चीचा मान नंतरचा.

आता या गाडीची कुळकथा सांगते, कारण ती मोठी मजेशीर आहे. जनरल मोटर्स ही बलाढ्य कंपनी, आणि पाँटियाक तिचाच एक विभाग. १९६३च्या जानेवारीत कंपनीने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायचा हुकूम काढला. पाँटियाकचं नाव तर शर्यतींवरच झालेलं. त्यात आणखी एक नियम होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या डोक्यात कल्पना आली, की मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन मधल्या गाडीत सहज बसतं. मग नियमाचं काय? नियम नव्या मॉडेलला होता. यांनी नवं मॉडेल काढलंच नाही! टेम्पेस्ट नावाच्या गाडीवर २९५ डॉलर जादा भरून घ्यायची एक 'सोय' म्हणून जीटीओ विकायला काढली. विभागप्रमुख पीट एस्टीस यांनी पाच हजार गाड्यांपुरती परवानगी दिली. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,४५०. मग नियमाची आठवण कोण काढतो!

३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपली फियाट आठवते ना? तिचं इंजिन १०८९ सीसीचं. म्हणजे जवळजवळ सहा फियाट एका बॉनेटखाली. ताकद ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार' म्हणू लागले. दंडाच्या बेटकुळ्या काढून दाखवणारी गाडी, असंच म्हणा. महायुद्धानंतर, १९४६ साली जन्मलेली मुलं १९६४ साली अठरा वर्षांची झाली होती. पेट्रोल स्वस्त होतं, खिशात पैसा होता. डेट्रॉइटहून पाँटियाक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यू या रुंद रस्त्यावर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. गाडी बनवणारे इंजिनिअरही त्यात असत.

'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने १९६४च्या मार्चच्या अंकात या गाडीची तुलना थेट इटलीच्या फेरारी जीटीओशी केली. नाव तिचंच उचललेलं होतं ना! त्या लेखाने गाडी गाजली. पुढे कित्येक वर्षांनी जाहिरातीची बाजू सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबूल केलं, की मासिकाला चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९चं नव्हे, ४२१ घन इंचांचं इंजिन होतं. हे ऐकून मला आमच्या बखरी आठवल्या. छापलेलं आहे म्हणून खरं मानू नका, हे मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल!

पण खरी गंमत पुढेच आहे. इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं, फिरत्या स्टँडवर चढवलं आणि नातवाने त्याच्यावरची जुनी चिकट काळी पुटं घासायला घेतली. मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटर बसतो तिथे, उठावाची अक्षरं दिसायला लागली. सी १२ ४. नातू म्हणाला, "आजी, सी म्हणजे तिसरा महिना, मार्च. १२ तारीख. आणि ४ म्हणजे १९६४." मी लगेच मास्तरीण झाले. "चार म्हणजे चौसष्टच कशावरून? चौऱ्याहत्तर का नाही?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हे इंजिन ३८९चं आहे. ते १९५९ ते १९६६ एवढंच बनत होतं. म्हणून चौसष्टच."

मंडळी, याला साधनांची चिकित्सा म्हणतात. एम.ए.च्या मुलांना जमत नाही ती. १२ मार्च १९६४, गुरुवार. त्या दिवशी मी आठवीत होते, आणि इथे कुणीतरी ओतशाळेत वितळलेलं लोखंड साच्यात ओतत होतं. आजोबांनी ती अक्षरं बोटाने चाचपली आणि नुसतेच बसून राहिले.

मग सुरू झाला खोलायचा कार्यक्रम. आजोबांचा पहिला नियम असा, की जे जिथून निघालं ते तिथेच परत जायला हवं. पिस्टनला धरणाऱ्या प्रत्येक दांड्याची टोपी त्याच दांड्याची, कारण दोन्ही एकत्रच घासून जुळलेले असतात. नातू प्रत्येक भागावर खूण करायचा, पिशवीत घालायचा, आणि मी वहीत नोंद करायची. वस्तुसंग्रहालयात उत्खननातल्या वस्तूंची नोंद ठेवतात ना, तशीच. मग मापं. आठही सिलिंडरांच्या भिंती झिजून वरच्या टोकाला किंचित रुंद झाल्या होत्या. डोळ्याला काही दिसत नव्हतं, माप मात्र बोलत होतं. वर्कशॉपमध्ये नेऊन त्या तीस थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले तीस, मोठ्या करून घेतल्या आणि त्याला साजेसे नवे पिस्टन आणले.

वर्कशॉपमधून इंजिनाची हेडं परत आली, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीत वेगळ्या, चकचकीत, कडक पोलादाच्या रिंगा बसवल्या होत्या. "या मूळच्या नाहीत ना?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "नाहीत. शिशामुळे बसवाव्या लागल्या."

ती कथा अशी. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जितकं जास्त दाबावं, तितकी ताकद जास्त. या इंजिनात ते १०.७५ पट दाबलं जायचं. पण एवढं दाबलं, की मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके मारतं. १९२१च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना उपाय सापडला, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायचं. ठोके थांबले. शिवाय शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला उशीसारखा जपायचा. पण शिसं हे विष आहे, ही काही गुप्त गोष्ट नव्हती. १९२४ साली न्यू जर्सीत ते संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही पुढे पन्नासेक वर्षं जगभर गाड्यांच्या धुरातून शिसं उडत राहिलं आणि श्वासावाटे लेकरांच्या रक्तात जात राहिलं. मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला. १९७१च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब उतरवला. १९७५पासून धूर शुद्ध करणारं उपकरण आलं, त्याला शिसं मुळीच चालत नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ साली पूर्ण बंद झालं, आपल्याकडे २००० साली, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ साली.

म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांनीही तो धूर खाल्ला होता. आमची शाळा हमरस्त्याला लागूनच, खिडक्या उघड्या. त्या पोलादी रिंगांकडे बघताना माझ्या मनात ते आलं. दिमाखाची किंमत कुणीतरी दुसराच भरत असतो. नातवाला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे, आजी. म्हणून तर रिंगा नीट बसवून घेतल्या."

एका दुपारी तो हात धुऊन जेवायला बसला. नखांतलं काळं काही गेलं नव्हतं. त्या नखांकडे बघताना माझा घास अडला. १९८५-८६ची गोष्ट असेल. नववीतला एक मुलगा, दुपारी ट्रकच्या गॅरेजवर काम करायचा. इतिहासाच्या पुस्तकावर त्याच्या बोटांचे ऑइलचे ठसे. भर वर्गात मी त्याला म्हटलं होतं, "हे असले हात घेऊन पुस्तकाला शिवू नकोस." वर्ग हसला. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. घरची गरिबी होती, कारणं शंभर असतील. पण त्यातलं एक कारण मी होते, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आज इथे लिहिते आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला जोडणी झाली. क्रँकशाफ्टच्या मागे तेल अडवायला मूळ इंजिनात चक्क दोरी वळून बसवलेली असायची, आता नव्या प्रकारची सील मिळते. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. एकदम आवळले तर हेड वाकतं. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, तो मी पाढ्यासारखा पाठ म्हणून दाखवायचे. शेवटी फिकट निळा रंग.

इंजिन सुरू करायच्या दिवशी नातवाने आधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवून सगळीकडे तेल पोचवलं. मग किल्ली आजोबांच्या हातात दिली. दुसऱ्या झटक्याला जो आवाज झाला! छातीत धडधडला. नवा कॅमशाफ्ट मुरावा म्हणून वीस मिनिटं तसंच जोरात चालू ठेवायचं असतं. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. माझा मुलगा दारात येऊन उभा राहिला, वीसच्या वीस मिनिटं. मग फोन वाजला म्हणून आत गेला.

त्या रात्री तो म्हणाला, "आई, समजवलंस का त्याला?" मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "मी समजवायला गेले होते, समजून आले. तुझा मुलगा मोजतो, पुरावा तपासतो, चूक झाली तर पुन्हा खोलतो. याहून जास्त शिक्षण मला तरी देता आलं नाही कुणाला. पुढचं तुम्ही बापलेक ठरवा." तो काही बोलला नाही. नातू आता तो कोर्स करतो आहे. मुलगा अजूनही पूर्ण खूश नाही, हेही खरं.

जीटीओ १९७४ साली बंद झाली. तेलाच्या टंचाईने, विम्याच्या हप्त्यांनी आणि नव्या कायद्यांनी तिचं युग संपवलंच होतं. पाँटियाक हे नावही २०१० साली मिटलं. पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. तिथे आजोबा, नातू आणि मागच्या सीटवर मी, असे आम्ही फिरून आलो. मी पदर डोक्यावरून घट्ट बांधला होता!

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीत असेल. यातलं काही त्याच्यापर्यंत पोचेल असं नाही. पण तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, आणि वर्गात काळ्या नखांचं एखादं पोर असेल, तर एकदा त्याला विचारा, आज काय खोललंस? आणि तो काय सांगतो ते मला जरूर कळवा.