'आमचा कारखाना'

होमिओपॅथीत रुग्णाला आधी मनमोकळे बोलू द्यावे लागते. निवृत्त कामगार समोर बसला की दुखण्याआधी पुष्कळदा कारखानाच सांगतो. वीस वर्षे झाली तरी 'आमचा कारखाना'. आम्हा जैनांना 'माझे' या शब्दाचा धाक लहानपणापासून घातलेला. म्हणून असेल, हा 'आमचा' माझ्या कानाला लागतो.

त्याचे मूळ शोधायला आपण बेळगावकरांनी फार लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः आधी नोकरदार होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते इथे आले. सायकली विकल्या, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. पुढे नगरपालिकेने शहरवाढीसाठी त्यांना जागा सोडायला लावली. हातचा कारखाना आपण असा घालवला! १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला, सगळा निवडुंग. बेळगावहून गेलेल्या मोजक्या माणसांनी तिथे कारखान्याबरोबर गावही वसवले.

पगार मुंबईच्या गिरणीतही मिळे. पण गिरणी कामगाराचे गाव कोकणात किंवा घाटावर राही, सणाला तो तिकडे जाई. किर्लोस्करवाडीत घर, शेजार, शाळा, नाटक, सगळे एकाच नावाखाली आले. ज्यांच्या जातीवर सरकारने चोरीचा शिक्का मारला होता, अशांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले. माझ्या मते आपलेपणाची खरी किल्ली इथे आहे: ज्याच्यावर विश्वास टाकला, तो राखण आपल्या घराची म्हणून करतो. १९२०मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढले, तेव्हा कारखान्याची बातमी घराघरात वाचली जाऊ लागली. स्टेशनाचेही नाव बदलले. मालकाचे आडनाव आता कामगाराच्या पत्त्यात आले.

अशा आपलेपणात एक अडचण असते. घर नोकरीबरोबर मिळते आणि तिच्याबरोबरच जाते.

माझा एक रुग्ण दुसऱ्याच एका कारखान्याच्या वसाहतीत तीस वर्षे राहिला. क्वार्टरची किल्ली परत केली त्या रात्रीपासून त्याला झोप नाही. मालकाबद्दल तक्रार विचारली, तर म्हणाला, "छे हो डॉक्टर, आमचे साहेब देवमाणूस." केसपेपरवर पत्ता लिहायला घेतला, तर त्याने वसाहतीचाच सांगितला. मग थांबला आणि मुलाच्या फ्लॅटचा नंबर खिशातल्या चिठ्ठीवर शोधू लागला.