आरोग्याचा प्रचार : सरकारचा आणि आपला

दात कशाने घासावे, हात केव्हा धुवावे, तंबाखू का सोडावी, हे सांगण्यासाठी सरकारने जनतेचा पैसा खर्चावा काय? ज्याचे त्याने पाहावे, तो पैसा दवाखान्यातील औषधांना द्यावा, असे पुष्कळ भगिनी म्हणतात. हे म्हणणे टाकाऊ नाही. परंतु याबाबतीत मागील इतिहास काय सांगतो, तेही पाहिले पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे तो पुण्यास पसरला. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघर, माजघर काही सुटले नाही. लोक रोगाइतकेच झडतीला भ्याले व आजारी माणसे लपवू लागले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. हुकूम होता, पैसा होता, विश्वास नव्हता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च रोजी निवर्तल्या. त्यांच्यापाशी हुकूम नव्हता, माया होती.

गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडली. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्याच नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले. सरकारने बक्षिसे ठेवली; गटारे व रस्ते गावकऱ्यांनी स्वतः झाडले. पैसा सरकारचा आणि हात गावाचे, हा मेळ तेथे बसला.

आता आपल्या घरात डोकावू. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. २०१६ पासून तंबाखूच्या पुड्यावर ८५ टक्के जागेत इशारा छापतात. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला पुडाच नसतो! ती लावणाऱ्या आजीला, मावशीला तो इशारा कोठून दिसणार? मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो. गर्भारणीने लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते. हे तिला चुलीपाशी बसूनच सांगावे लागेल.

म्हणून सरकारने पैसा अवश्य खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तंबाखू विकणारा आपला माल खपविण्यास पैसा ओततो. मग ती सोडा म्हणणाऱ्याने रिकाम्या हाताने का यावे? मात्र तो पैसा रस्त्यावरच्या फलकांपेक्षा दारोदार पायपीट करणाऱ्या आशाताईंच्या मानधनावर अधिक खर्च व्हावा.

आणि आपण? तारापूरच्या कोळीवाड्यात, वाडीत, पाड्यावर आशाताई येतील तेव्हा आपल्यापैकी एकीने तरी त्यांच्याबरोबर जावे. ओळखीच्या तोंडून आलेला शब्द लवकर पटतो. एवढे केले तरी मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.