निकालपत्रात न आलेले

मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन टाटा, म्हणजे लग्नानंतरच्या मिठन लाम, यांच्या पहिल्या ब्रीफची हकिकत मोठी बोलकी आहे. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की हरण्याची भीतीच नव्हती. त्याला फक्त एवढेच हवे होते, की प्रतिपक्षाने एका बाईकडून हरावे आणि त्याची नाचक्की व्हावी! ही हकिकत कुठल्या लॉ रिपोर्टात मिळणार नाही. मिठनबाईंनी आठवणींत सांगून ठेवली, म्हणून ती उरली.

स्त्री-वकिलांचा कागदोपत्री इतिहास हा मुख्यतः नकारांचा इतिहास आहे. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. वकिलीच्या कायद्यातील ‘व्यक्ती’मध्ये स्त्री येत नाही, असा त्याचा मथितार्थ. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्याच्या न्यायालयाने तेच उत्तर दिले. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना सनद दिली. त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. पुढे १९२३ च्या कायद्याने स्त्री असणे ही अपात्रता उरली नाही.

हे सारे छापील आहे. पण दार उघडल्यावर आत काय घडले, ते कुठे आहे? सोराबजींनी आत्मचरित्र लिहिले, त्यांची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपली गेली. जिल्हा आणि तालुका कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकांनी मात्र दावे, कैफियती आणि अर्ज लिहिले. स्वतःविषयी लिहिले नाही. रोजनाम्यात त्यांचे नाव सापडते, आवाज सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी, साठच्या दशकात सनद घेतलेल्या एका वकीलबाईंकडे गेले. प्रश्नांची यादी जय्यत होती: सनद कधी, गुरू कोण, गाजलेले खटले कोणते. बाईंनी एकेका वाक्यात उत्तरे दिली. मी रेकॉर्डर बंद केला, चहा आला आणि बाई बोलू लागल्या. कोर्टात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, म्हणून सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत त्या पाणी पीत नसत. पक्षकार दारात येऊन त्यांनाच विचारायचे, ‘वकीलसाहेब आहेत का घरात?’ मी भान हरपून ऐकत राहिले. बटण दाबायचे सुचलेच नाही. दुसऱ्या भेटीला मी आठ महिने लावले. तोवर बाईंची स्मृती हरवली होती. माझ्याकडे उरल्या आहेत त्या रात्री एसटीत लिहिलेल्या चार पानांच्या टिपणी.

तेव्हापासून मी खटल्यांपासून सुरुवात करत नाही. घर ते कोर्ट हा रस्ता विचारते: कशाने जायच्या, डबा कोण करायचे, बार रूममध्ये कोणत्या खुर्चीवर बसायच्या, पहिली फी कशात मिळाली. वकिलांच्या बाबतीत एक पथ्यही आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले गुपित वकिलाच्या ओठांवर बांधले होते; वकीलपत्र संपले तरी ते बंधन संपत नसे. नव्या कायद्यातही ते कायम आहे. म्हणून मी पक्षकाराचे काही विचारत नाही.

स्मरण चुकते, हा आक्षेप रास्तच आहे. सन आणि न्यायाधीशांचे नाव सनदेच्या कागदाशी, रोजनाम्याशी ताडून पाहावेच लागते. पण पाणी न पिता काढलेला दिवस कोणत्या दस्तऐवजाशी ताडणार? तिथे सांगणारीच साक्षीदार, आणि तीच दस्तऐवज.

मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’सारखी संस्था स्त्रियांचे आवाज आणि छायाचित्रे जपत आली आहे. परंतु एकट्या संस्थेला गावोगावच्या ओसऱ्या कशा पुरणार? आज साठच्या दशकात सनद घेतलेल्या बाई ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या गावच्या बार रूममध्ये विचारा, पहिली वकीलबाई कोण होती. कुणीतरी नाव सांगेल, पत्ता सांगेल. जाताना रेकॉर्डर न्या, आणि चहा येईल तेव्हा तो बंद करू नका.