याब्बेकेचा रस्ता आणि युद्धोत्तर वेगविक्रम

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात, ऑस्टेंड हे बंदर आणि ब्रूज हे जुने व्यापारी शहर यांच्या दरम्यान याब्बेके नावाचे लहानसे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात मोटारींच्या इतिहासात या गावाचे नाव वारंवार येते, आणि त्याचे कारण गावाशेजारून जाणाऱ्या रस्त्यात आहे. ऑस्टेंड ते ब्रुसेल्स या द्रुतगती मार्गाचा याब्बेकेपासून आल्टरच्या दिशेने जाणारा काँक्रीटचा तुकडा सपाट शेतजमिनीतून जवळजवळ सरळ रेषेत गेलेला होता, आणि चाचणीपुरती त्यावरची वाहतूक थांबवून देण्याची बेल्जियन अधिकाऱ्यांची तयारी असे. इंग्लंडमध्ये अशी जागा उरलेली नव्हती. ब्रुकलंड्सची प्रसिद्ध धावपट्टी १९३९ नंतर शर्यतींसाठी पुन्हा उघडली नाही, कारण युद्धकाळात विमान कारखान्यांनी ती व्यापली होती. आणि ब्रिटनचा पहिला द्रुतगती मार्ग, म्हणजे प्रेस्टन शहराला वळसा घालणारा रस्ता, १९५८ च्या अखेरीस खुला झाला. त्यामुळे ज्या ब्रिटिश कारखानदारांना आपल्या गाडीचा वेग सिद्ध करायचा होता, त्यांना खाडी ओलांडून याब्बेकेला यावे लागे.

येथे ‘वेगविक्रम’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला अर्थ जमिनीवरील निरपेक्ष वेगाचा, जो जॉन कॉब यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, विमानाची दोन इंजिने बसवलेल्या वाहनातून ताशी ३९४ मैलांवर, म्हणजे सुमारे ६३४ किलोमीटरवर नेला होता. दुसरा अर्थ गटवार विक्रमाचा असून त्यात इंजिनाच्या घनक्षमतेनुसार, म्हणजे सर्व सिलिंडरांमध्ये दट्ट्या सरकताना जेवढी जागा व्यापतो तिच्या बेरजेनुसार, गाड्यांची वर्गवारी होते. या दोन्ही प्रकारांत गाडी आधीच वेग घेऊन मोजपट्टीत शिरते, आणि ठरावीक मैल किंवा किलोमीटर दोन्ही दिशांनी, तासाभराच्या आत, पार करून दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरली जाते, म्हणजे वाऱ्याचा किंवा उताराचा लाभ आपोआप वजा होतो. तिसरा अर्थ व्यापारी स्वरूपाचा आहे: ग्राहकाला विकत मिळणाऱ्या नमुन्याची गाडी अधिकृत वेळमापकांच्या देखरेखीखाली किती धावते, एवढेच त्यात पाहिले जाते. याब्बेकेचे महत्त्व दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे, आणि या दोहोंमधली सीमारेषा तेथेच हळूहळू पुसट होत गेली.

याब्बेकेतील गटवार विक्रमांचा पाया लेफ्टनंट कर्नल गोल्डी गार्डनर यांनी घातला. पहिल्या महायुद्धात पायाला झालेल्या जखमांमुळे काठीच्या आधाराने चालणाऱ्या या गृहस्थाने जॉर्ज आयस्टन यांची जुनी एमजी मॅग्नेट शर्यतगाडी मिळवली आणि रीड रेल्टन यांनी आखलेले, चाकांसकट सर्व काही झाकणारे लांबट कवच तिच्या सांगाड्यावर चढवले. ईएक्स १३५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीने मे १९३९ च्या अखेरीस जर्मनीतील देसाऊजवळच्या मार्गावर ११०० घनसेंटिमीटरच्या गटात ताशी २०३ मैलांहून अधिक वेग नोंदवला. त्यानंतर तिथेच सिलिंडर किंचित रुंद करून घनक्षमता ११०६ वर नेण्यात आली आणि दोन दिवसांनी १५०० च्या गटातील विक्रमही त्याच गाडीने घेतला. युद्ध संपल्यावर गार्डनर याब्बेकेला आले. तेथे १९४६ मध्ये ७५० च्या गटात ताशी १५९ मैल, आणि १९४९ मध्ये सहापैकी निम्मे सिलिंडर बंद ठेवून ५०० च्या गटात ताशी १५४ मैल, असे वेग त्यांनी नोंदवले. या दोन आकड्यांची तुलना फार बोलकी आहे, कारण इंजिन एक तृतीयांशाने लहान होऊनही वेग जेमतेम पाच मैलांनी घटला. त्या गाडीचे खरे सामर्थ्य कवचात किती होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये याच कवचाखाली जॅग्वार कंपनीचे प्रायोगिक, चार सिलिंडरांचे, दोन लिटरचे इंजिन बसवून गार्डनर यांनी ताशी १७६ मैलांहून अधिक वेग गाठला, आणि एमजीच्या या सांगाड्यातूनच जॅग्वारच्या नव्या इंजिनघराण्याची जगाला पहिली ओळख झाली.

पुढच्याच महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात जॅग्वारचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी एक्सके १२० ही गाडी मांडली. ३४४२ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरी इंजिन, झडपा उघडणारे दोन दंड सिलिंडरांच्या माथ्यावर, शक्ती १६० अश्वशक्ती, आणि नावातच ताशी १२० मैलांचा दावा. तेवढ्या किमतीच्या गाडीला तो वेग अनेकांना अशक्य वाटला. शंका फेडणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब नव्हती. त्या काळी ब्रिटनमध्ये पोलाद नियंत्रित होते आणि परकीय चलन मिळवून देणाऱ्या निर्यातदारालाच ते प्राधान्याने मिळे, म्हणून अमेरिकेतील ग्राहकाचा विश्वास हा कारखान्याच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. ३० मे १९४९ रोजी कंपनीने पत्रकारांना विमानाने बेल्जियमला नेले आणि चाचणीचालक रॉन सटन यांनी टप व काच लावलेल्या गाडीत ताशी १२६ मैल, तर काच काढून व पोटाखाली सपाट पत्रा लावून ताशी १३२.६ मैल, म्हणजे सुमारे २१३ किलोमीटर, इतका वेग नोंदवला. त्यानंतर सटन हीच गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये अगदी संथपणे पत्रकारांसमोरून घेऊन गेले. वेगाच्या आकड्याइतकेच हे दृश्य महत्त्वाचे होते, कारण शर्यतीचे यंत्र आणि रोजच्या वापराची गाडी एकच असू शकते, हे त्यातून दिसले.

१९४९ च्या त्या दोन आकड्यांत पुढील सगळा इतिहास बीजरूपाने आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोडासा जादा वेगही इंजिनाकडून फार महाग पडतो. काच, टप आणि पोटाखालची उघडी यंत्रणा यांना अडणारी हवा कमी करणे हा त्यापेक्षा स्वस्त मार्ग होता. १ एप्रिल १९५३ रोजी जॅग्वारचे चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांनी एमडीयू ५२४ या क्रमांकाच्या एक्सके १२० मधून ताशी १४१.८ मैल गाठले. पण त्याच सप्टेंबरात स्पेनच्या पेगासो कंपनीची सुपरचार्जर बसवलेली झेड-१०२, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप जोडलेली गाडी, याब्बेकेलाच ताशी १५१ मैलांवर गेली. जॅग्वारने काही आठवड्यांतच उत्तर दिले.

२० ऑक्टोबर १९५३ रोजी एमडीयू ५२४ पुन्हा त्या काँक्रीटवर उभी होती, मात्र आता तिचे रूप पालटले होते. समोरची काच नाहीशी झाली होती, पुढचे दिवे आच्छादले होते, पोट झाकले होते आणि चालकाच्या डोक्यावर ग्लायडरला असतो तसा पारदर्शक प्लास्टिकचा घुमट बसवला होता. घुमट इतका ठेंगणा होता की बैठक काढून टाकून ठेंगण्या बांध्याच्या ड्युइस यांना जवळजवळ तळाशी बसावे लागले, आणि तो बाहेरून घट्ट बसवल्यामुळे आतून उघडणे शक्य नव्हते. नोंदलेला वेग ताशी १७२.४१२ मैल होता, म्हणजे सुमारे २७७ किलोमीटर. सटन यांच्या वेगाशी तुलना केली तर हे प्रमाण १.३ पट आहे, आणि आकार तोच राहिला असता तर त्यासाठी दुपटीहून अधिक, सुमारे ३५० अश्वशक्ती लागली असती. तेवढी शक्ती त्या इंजिनात नव्हती. उरलेला हिशेब पत्र्याने, प्लास्टिकने आणि ड्युइस यांच्या धैर्याने भरून काढला. त्या आवृत्तीला विक्रीची गाडी म्हणणे अर्थातच कठीण आहे, तरीही सांगाडा आणि इंजिनाचे मूळ दुकानात मिळणाऱ्या एक्सकेचेच होते, आणि ग्राहकाच्या मनात या दोन गाड्या एकरूप व्हाव्यात असाच कंपनीचा हेतू होता.

त्या वर्षांत इतरांचीही ये-जा तेथे सुरू होती. रोव्हरने जून १९५२ मध्ये वायुझोत चक्रावर चालणारी, म्हणजे गॅस टर्बाइनची, जेट १ ही गाडी ताशी १५२ मैलांपर्यंत नेली. ट्रायम्फने टीआर२ ताशी जवळपास १२५ मैलांवर नेऊन आपल्या स्वस्त गाडीची अमेरिकेत जाहिरात केली. आणि शीला व्हॅन डॅम यांनी सनबीम अल्पाइनमधून ताशी १२० मैल ओलांडले. पण दोनशे मैलांच्या पुढे जायचे तर हा रस्ता अपुरा होता, आणि मोठे प्रयत्न बॉनेव्हिलकडे वळले. त्या बदलाची किंमत गार्डनर यांनी आधीच चुकवली होती. १९५२ मध्ये तेथील मिठावर गाडी घसरून त्यांच्या डोक्याला मार बसला आणि त्यांची विक्रमी कारकीर्द तेथेच संपली. एमजीने १९५७ मध्ये त्याच मैदानावर स्टर्लिंग मॉस यांच्याकडून दीड लिटरच्या गटात ताशी २४५.६ मैल नोंदवून घेतले, मात्र ती गाडी, ईएक्स १८१, अश्रूच्या थेंबासारखी घडवलेली आणि चालकामागे इंजिन असलेली, विक्रमासाठीच जन्मलेली होती. दुकानातल्या गाडीशी तिचे साम्य इंजिनापुरतेच होते. याब्बेकेचा तो तुकडा पुढे ई-४० या युरोपीय महामार्गाचा भाग झाला, आणि आता तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे.