भरतीची दौड आणि पायातले बूट : दानापूरहून



दानापूरला येऊन आता आठ महिने झाले. पहाटे साडेचारला कँटोन्मेंटच्या बाहेर पडलो की रस्त्याच्या कडेने मुलं धावताना दिसतात. एकटीदुकटी नाही, पाच-पाच दहा-दहाच्या टोळ्या. सगळ्यांची तयारी भरतीची. कुणाच्या पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट, कुणाच्या पायात फुटपाथवरचे नकली ब्रँडचे, आणि दोन-तीन जण तर सरळ अनवाणी. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर दिसतं तेच चित्र, फक्त भाषा वेगळी.

मागच्या महिन्यात त्यातल्या एकाने मला थांबवलं. "साहब, एक बात पूछनी थी." वडील ई-रिक्षा चालवतात. मामाने बुटांसाठी बारा हजार द्यायचं कबूल केलं होतं. मोबाईलवर त्याने फोटो दाखवला. जाड तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले झगझगीत बूट. "किपचोगे वाला जूता है साहब. इससे निकल जाएगा?" १६०० मीटरच्या दौडीत तो पहिल्या गटाच्या वेळेपासून दहा सेकंद मागे पडत होता, आणि वयाच्या हिशोबाने त्याच्या हातात आता एकच भरती उरली होती.

मी म्हटलं, "रविवारी सांगतो." बारा हजार ही त्या घरात लहान रक्कम नव्हे. उगाच तोंडाला येईल ते सांगणं बरोबर नव्हतं. त्या चार दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि जुळवलं, ते इथे लिहितो आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. आम्ही रिक्रूट होतो तेव्हा बुटांची निवड हा प्रश्नच नव्हता. स्टोअरमधून दोन गोष्टी मिळायच्या. पीटीसाठी तपकिरी कॅनव्हासचे बूट, ज्यांच्या रबरी तळव्याखालचा खडासुद्धा पायाला कळायचा. आणि बाकी सगळ्यासाठी डीएमएस बूट, म्हणजे कातडी बुटाला थेट साच्यातून रबराचा तळवा चिकटवलेले. आमच्या आधीच्या पिढीने तर नाल-खिळे ठोकलेल्या अम्युनिशन बुटांत दौडी मारल्या. पीपीटीची २.४ किलोमीटर, बीपीईटीची पिठ्ठू-रायफलसकट पाच किलोमीटर, क्रॉस कंट्री, सगळं या दोनांतच. नडगीत दुखायला लागलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बॅच मागे पडेल ही भीती. शेवटी हाडाला बारीक तडा गेलेला निघाला आणि बॅच मागे पडलीच. त्यात चूक बुटांची किती आणि माझ्या लपवण्याची किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हापासून धावणारा दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.

बुटांशिवाय धावता येतं का? येतं, आणि त्याचे सगळ्यात मोठे दाखले आपल्याच मातीतले आहेत. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत गावाकडची शेतकरी मुलं अनवाणी धावायची. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी ते पाहिलं आणि या मुलांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे असं त्यांच्या मनात आलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो चमू गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. चौगुले त्यात एकोणिसावे आले.

दुसरं नाव इथल्याच मातीतलं. दानापूरहून पश्चिमेला गेलं की बक्सर लागतं. आजच्या बक्सर जिल्ह्यातल्या मझरिया गावचे शिवनाथ सिंह आपल्याच फौजेतले. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचं सुवर्ण, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक, आणि १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम, जो चाळीस वर्षांहून अधिक काळ कुणाला मोडता आला नाही. हा माणूस बहुतेक वेळा अनवाणी धावायचा, पायाला नुसती चिकटपट्टी गुंडाळून. इथली अनवाणी धावणारी मुलं त्यांचं नाव घेतात.

म्हणजे बूट हे थोतांड आहे का? इथे तिसऱ्या एका शिपायाची गोष्ट उपयोगी पडते. इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसेनात आणि अनवाणी सराव होताच, म्हणून त्याने ते काढून ठेवले. वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. पण गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. चार वर्षांनी टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जेमतेम सहा आठवडे झाले होते. तरीही तो २ तास १२ मिनिटांत आला, रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर. मी यातून एवढंच घेतो की न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा, आणि बसणारा बूट मिळाला तर तोही बराच. अनवाणी पायाची तयारी मात्र लहानपणापासूनची हवी. ती एका महिन्यात होत नाही.

हा "बसणारा बूट" एका दिवसात तयार झालेला नाही. आधी आले खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स. इंग्लंडच्या बोल्टन गावात फॉस्टर नावाचे कारागीर १८९० च्या दशकातच ते हाताने बनवत होते. १९३६ मध्ये बर्लिनला जेसी ओवेन्स धावला तो जर्मनीच्या डासलर बंधूंच्या स्पाइक्समध्ये. पुढे हेच भाऊ भांडले आणि एका गावात आदिदास आणि पुमा अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. हे बूट थोड्या अंतराचे. मातीच्या ट्रॅकवर पकड मिळावी एवढंच त्यांचं काम. त्यात टाचेखाली गादी नसते, आणि रोज दहा किलोमीटर मारले तर पोटऱ्या आणि टाचेमागची नस कुरकुरायला लागते.

रस्त्यावरच्या लांब दौडीचा प्रश्न वेगळा होता. तिथे त्रास पकडीचा नव्हता, फोडांचा आणि दणक्याचा होता. जपानमध्ये किहाचिरो ओनित्सुका या माजी लष्करी अधिकाऱ्याने १९४९ मध्ये कोबेला बुटांचं काम सुरू केलं. मॅरेथॉनवाल्यांच्या पायाला फोड का येतात याच्या मागे तो लागला. कारण निघालं उष्णता. मग त्याने हवा खेळती राहील असे छिद्रांचे बूट बनवले. त्याचीच कंपनी पुढे आसिक्स झाली.

अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन हेही फौजी, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेल्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे. त्यांचं वेड वजनाचं. विद्यार्थ्यांचे बूट उसवून त्यातला एकेक ग्रॅम कमी करायचा. पिठ्ठू बांधताना जुना उस्ताद पट्टी-पट्टी तपासतो तसं. अभ्यासांतूनही तेच निघालं आहे. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की धावायला साधारण एक टक्का जास्त ताकद लागते. सत्तरीच्या सुरुवातीला बोवरमननी बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून चौकटीचौकटींचा तळवा काढला. साचा वाया गेला, पण गवत, माती आणि रस्ता तिन्हींवर चालणारा हलका बूट जन्माला आला. नाइकीचं नाव त्यावरच मोठं झालं.

तेव्हापासून बुटांची कामं स्पष्टपणे वाटली गेली. रोजच्या सरावाचा बूट थोडा जड, साधारण २५० ते ३०० ग्रॅमचा, पण शेकडो किलोमीटर टिकणारा. शर्यतीचा बूट २०० ग्रॅमच्या आसपास, वेगवान पण अल्पायुषी. ट्रॅकवर स्पाइक्स. डोंगर-चिखलात खोल दातांचा ट्रेल बूट. रायफल एकच असली तरी झिरोइंग प्रत्येकाचं वेगळं, तसंच आहे हे.

अडचण झाली ती पुढे, दुकानदारी वाढल्यावर. ओल्या पायाचा ठसा फरशीवर बघायचा. सपाट पाय असेल तर कडक बूट, कमान उंच असेल तर मऊ बूट, मधला असेल तर मधला. वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं, मीही कित्येक जवानांना सांगितलं. अमेरिकेच्या आर्मी, एअर फोर्स आणि मरीन्सनी हे रिक्रूटांवर तपासून पाहिलं. निम्म्यांना ठशाप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना ठसा न बघता सरसकट एकाच प्रकारचे. २००९ आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले : दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. त्याआधी २००१ मध्ये कॅनडात दोनशेच्या आसपास सैनिकांवर दुसरा प्रयोग झाला होता. बुटात घालायचे सहा प्रकारचे आतले तळवे समोर ठेवले आणि सांगितलं, तुला जो सगळ्यात आरामशीर वाटतो तो घे. ज्यांनी असे स्वतः निवडले त्यांच्यात हाडाला तडे जाणं आणि दुखणं कमी निघालं. आणि लक्झेंबर्गमध्ये २६४ हौशी धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा आलटून-पालटून एकापेक्षा जास्त जोड्या वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला.

हे वाचताना मला माझी नडगी आठवली. रोज तोच बूट, तोच दणका, त्याच जागी.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न, किपचोगेवाले बूट. ते खोटे नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात १८ धावपटूंवर ते तपासले, तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या शर्यतीच्या बुटांपेक्षा सरासरी चार टक्के ताकद वाचली. फरक एवढा, की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला मर्यादा घालावी लागली : रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकच पट्टी. ट्रॅकसाठी आज मर्यादा २० मिलिमीटरची आहे. म्हणजे तो जाड बूट घालून अधिकृत ट्रॅक शर्यतीत उतरताही येत नाही.

भरतीला हा नियम नाही, हे खरं. पण प्रयोग झाला ट्रेडमिलवर, आणि बूट आहे गुळगुळीत रस्त्याचा. भरतीचं मैदान मातीचं, वळणांचं, खांद्याला खांदा लावून धावणाऱ्यांचं. तिथे उंच, मऊ तळवा वळणावर डुगडुगतो आणि घोटा मुरगळायची भीती. शिवाय याच्याकडे दुसरी जोडी नाही. म्हणजे रोजचा सराव त्यातच, आणि तो फोम भरतीच्या आधीच दबून जाणार.

एक माणूस वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे बूट कसे वापरतो याचं उत्तम उदाहरण आपलाच अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटचा, सियाचीन करून आलेला. २०२० मध्ये दिल्लीला त्याने अर्धमॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत मारली, ती रस्त्यावर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रौप्य घेतलं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. तिथे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यात उडी. तिथे बूट असा लागतो की पाणी आत शिरलं तसं बाहेर गेलं पाहिजे. पण साबळेची सुरुवात मांडव्याहून पायी शाळेला जाण्याने झाली होती. बूट नंतर आले.

रविवारी मुलगा आला, सोबत मामाही. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं ते असं. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. स्वतःचे मोजे घालून जा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेव. तीन जोड्या घालून दुकानाबाहेर गल्लीत धाव, आणि जो बूट पायात आहे हे विसरायला होतं तो घे. साधा, हलका, रोजच्या सरावाचा. तीन-साडेतीन हजारांत मिळेल. जुनी जोडी टाकू नकोस, हळू धावायच्या दिवशी ती घाल. नवी जोडी भरतीच्या दिवशी पहिल्यांदा काढायची नाही. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदल. आणि नडगीत एकाच जागी बोट लावल्यावर दुखलं, तर त्या दिवशी थांब आणि कुणाला तरी सांग.

मामाने विचारलं, "और बाकी पैसा?"

म्हटलं, दूध, अंडी आणि भरतीला जायचं तिकीट. दहा सेकंद बुटातून येणार नाहीत. ती आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे फेरे वेळ लावून मारले तर येतील, आणि फेरे मारता येण्यासाठी पाय शाबूत हवेत. बुटाचं काम तेवढंच.

मुलाचा चेहरा जरा पडला. त्या वयात मलाही झगझगीत बूटच आवडले असते. पण तीन दिवसांनी पहाटे तो नव्या, साध्या, राखाडी बुटांत दिसला. लांबूनच हात केला. आता महिना होत आला. काल मी घड्याळ लावलं, त्याचे सहा सेकंद कमी झालेत. चार अजून बाकी आहेत. भरतीला पाच आठवडे आहेत.

जय हिंद.