थंडीत कोंबुचा उबदार कसा ठेवायचा? थर्मोस्टॅट कंट्रोलरची सोपी माहिती

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. त्यातले बॅक्टेरिया आणि यीस्ट मिळून चहावर जाड सायीसारखा थर धरतात, त्याला स्कोबी म्हणतात. या मंडळींना २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आमच्या कोल्हारला डिसेंबर-जानेवारीत दुपारी छान ऊन असतं, पण रात्री प्रवरेकाठी पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास येतो. तापमान २० च्या खाली राहिलं की काम रेंगाळतं, चहा वेळेत आंबट होत नाही आणि बुरशीचं फावतं.

दही गुंडाळून ठेवतो तसं का नाही करायचं?

दही एका रात्रीत लागतं. भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं की तेवढी ऊब पुरते. कोंबुचाला ७ ते १० दिवस लागतात, आणि गुंडाळलेली बरणी सकाळपर्यंत गार पडते. म्हणून इथे ऊब रोज द्यावी लागते, आणि तीही मोजून.

स्मार्ट प्लग चालेल का?

एकटा नाही. साधा स्मार्ट प्लग घड्याळावर चालतो. बरणी किती गरम झाली हे त्याला कळत नाही. मोबाईलवर फक्त 'चालू' दिसतं. शेजारी ठेवलेला ब्लूटूथ थर्मामीटरही हवेचं तापमान सांगतो, चहाचं नाही.

हे काम थर्मोस्टॅट कंट्रोलरचं. एसटीसी-१००० हा त्यातला स्वस्त आणि सहज मिळणारा प्रकार. वायरला सेन्सर असतो, आत रिले असतो. तापमान २६ आणि फरक १ अंश ठेवला, की २५ ला हीटिंग मॅट सुरू होते आणि २६ ला बंद. पोल्ट्रीत पिल्लांना बल्बची ऊब देतात, तसंच हे. फक्त बल्ब कधी बंद करायचा ते सेन्सर ठरवतो. (एलईडी बल्ब लावून बरणी तापत नाही, हे जाता जाता.)

सेन्सर कुठे लावायचा, यावर सगळं अवलंबून आहे. मी मॅट बरणीच्या एका बाजूला लावते आणि सेन्सर बरोबर समोरच्या बाजूला काचेला टेपने चिकटवून त्यावर फोमचा तुकडा ठेवते. सेन्सर मॅटला टेकला तर तो मॅटचंच तापमान वाचतो आणि चहा गारच राहतो. हवेत लटकवला तर उलट होतं: हवा गार, मॅट चालूच, चहा जास्त तापतो.

२० वॉटची मॅट अख्खा दिवस चालली तरी ०.४८ युनिट वीज लागते. बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली तर त्याहून कमी, आणि लाईट गेली तरी ऊब काही वेळ टिकते. खोकं पूर्ण बंद करू नका. बरणीच्या तोंडाला कापड असतं ते हवा लागते म्हणूनच.

एसटीसी-१००० मध्ये २३० व्होल्टची जोडणी उघडी असते. ती इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घ्या, नाहीतर तयार प्लगवाला कंट्रोलर घ्या.

विरजण म्हणून आधीचा आंबट कोंबुचा निदान १० टक्के घाला. आठवड्याभरात पीएच पट्टीवर ४.२ च्या खाली आकडा यायला हवा. थरावर कोरडी, केसाळ, हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी दिसली, तर वरवर काढून प्यायचं नाही. थरासकट सगळं फेकायचं आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवायची.