दुरुस्तीच्या टेबलावरचा इतिहास

गिटारच्या जुन्या ध्वनिवर्धकासाठी भरवशाचा कारागीर कसा ओळखावा, याचे उत्तर मला इतिहासात सापडते. कारण हे यंत्र वाढले तेच मुळी दुरुस्तीच्या टेबलावर.

१९३८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडरने रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वादकांची गाऱ्हाणी तो मन लावून ऐके. त्यातूनच त्याचे ध्वनिवर्धक घडले. पुढे १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात, जिम मार्शलच्या वाद्यांच्या दुकानात दुरुस्ती पाहणाऱ्या केन ब्रॅनने तरुण डडली क्रेव्हनच्या साथीने फेंडरचा 'बासमन' अभ्यासून नवा ध्वनिवर्धक उभा केला.

तेव्हा पहिली खूण हीच : पेच फिरवण्याआधी कारागीर वादकाचे ऐकतो का?

दुसरी खूण जिवाची. वाल्वच्या या यंत्रात शेकडो व्होल्टचा विद्युद्दाब असतो आणि वायर काढली तरी तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. जाणता कारागीर आधी तो उतरवतो, मगच आत हात घालतो. नवख्याने तेथे बोट घालणे म्हणजे मरणाशी खेळ!

तिसरी खूण सचोटीची. वाळलेले कंडेन्सर तो बेलाशक बदलतो. धडधाकट ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावत नाही, आणि काढलेले भाग मालकाच्या हाती परत देतो. सगळेच नवे घातले, तर जुना आवाज उरणार कुठे?

फेंडर १९९१ साली वारला, मार्शल २०१२ साली. त्यांची यंत्रे अजून बोलतात, ती अशा अनाम हातांमुळे.